टेबलं आधी की कामाचा अभ्यास आधी? ऑर्डर-साठा-बिल सिस्टीमचं विश्लेषण कुठून सुरू करावं

कोरी_वही

नमस्कार मंडळी. व्यवसायाच्या माहिती प्रणालींचं विश्लेषण आणि रचना हा विषय शिकायला घेतला आहे. व्याख्या समजल्या, आकृत्याही ओळखता येतात, पण एखादं प्रत्यक्ष काम समोर ठेवलं की हात अडतो. सरावासाठी घेतलेलं उदाहरण असं:

यंत्रांचे सुटे भाग घाऊक विकणारी कंपनी. दोन गोदामं, सुमारे ८,००० प्रकारचे भाग, दिवसाला १२० च्या आसपास ऑर्डर. ऑर्डर फोनवर किंवा मेलवर येते, छापील फॉर्मवर उतरवली जाते, फॉर्म गोदामात जातो, माल निघाला की हिशेब विभाग बिल करतो. साठ्याची एक्सेल फाइल वेगळीच. मालकांची मागणी एका वाक्यात: "सगळं एका ठिकाणी दिसलं पाहिजे."

यावर ग्राहक, वस्तू, ऑर्डर, बिल अशी चार टेबलं काढली. पण उदाहरणात थोडं खोल गेलं की दर वेळी नवा कॉलम लागतो, आणि कधी कधी अख्खं टेबल मोडावं लागतं. म्हणून विचारायचं आहे: डीएफडी (माहिती कुठून कुठे जाते ते दाखवणारी आकृती), ईआर आकृती (कोणत्या गोष्टींची माहिती ठेवायची आणि त्यांची नाती), यूज केस (सिस्टीम वापरून कोण काय काम करतं त्याचं वर्णन) यांतलं आधी काय काढायचं आणि कशासाठी? विश्लेषण संपून रचना नेमकी कुठे सुरू होते? आणि विश्लेषण पुरेसं झालं हे कशावरून ठरवायचं?

चौकट_बाण

टेबलं काढणं हा रचनेचा भाग. काम कसं चालतं हे कळण्याआधी ती काढली तर मोडणारच, त्यात तुमचं काही चुकलं नाही.

रेघ कुठे मारायची याची एक कसोटी सांगतो. लिहिलेलं वाक्य संगणक नसता तरी खरं राहिलं असतं का? "उधारीची मर्यादा ओलांडलेल्या ग्राहकाला माल सोडायचा नाही" हे वहीवर काम चालायचं तेव्हाही खरं होतं. ते विश्लेषणात. "मर्यादा ओलांडली की ऑर्डरची ओळ लाल दिसावी" हे पडद्याविषयी आहे. ते रचनेत. दोन्ही टिपून ठेवा, पण वेगळ्या पानांवर. सिस्टीम वापरणारी माणसं बहुतेक दुसऱ्या प्रकारचंच बोलतात. "इथे एक यादी उघडायला हवी" असं कोणी म्हणालं तर "त्या यादीतून काय निवडलं की तुमचं काम पुढे सरकतं?" हे विचारा. गरज त्या उत्तरात सापडते.

आता क्रम. सर्वांत आधी हद्द ठरवा. कोऱ्या कागदावर मधोमध एकच वर्तुळ, "ऑर्डर ते बिल". भोवती बाहेरची मंडळी: ग्राहक, पुरवठादार, वाहतूकदार. प्रत्येक बाणावर काय जातं-येतं ते लिहायचं. यालाच कॉन्टेक्स्ट डायग्राम म्हणतात आणि दिसायला तो फारच साधा असतो, म्हणून लोक तो टाळतात. पण "सगळं एका ठिकाणी" या वाक्यात पगारही बसतो, खरेदीही बसते. हे पान समोर ठेवून "पुरवठादाराकडे खरेदीची ऑर्डर पाठवणं आत की बाहेर?" असं विचारलं की मालकांना हो किंवा नाही म्हणावंच लागतं. ते उत्तर तारखेसह लिहून ठेवा.

मग कागद गोळा करा. कोरा फॉर्म कोणीही देईल, तो घेऊ नका. भरलेले २५ फॉर्म मागा आणि त्यांतले काही महिनाअखेरचे असू द्या, कारण घाईतल्या सवयी तेव्हाच दिसतात. आता एक भरलेला फॉर्म नीट बघा. "नग" या रकान्यात १०० लिहिलेले, त्यावर पेनाने काट, वर ६०, आणि समासात "४० मागाहून, फोन केला." या चार शब्दांतून बरंच कळतं. माल तुकड्यातुकड्याने जातो. तसा पाठवायचा तर ग्राहकाला कळवावं लागतं. आणि मूळ मागणीचा आकडाच खोडल्यामुळे उरलेल्या ४० नगांची आठवण फक्त त्या समासात शिल्लक आहे. तुमच्या चार टेबलांत या समासाला जागा कुठे आहे? समासात सतत काही लिहिलं जातं तिथे फॉर्मवर एक रकाना कमी आहे असं धरा. उलट पंचविसाच्या पंचवीस फॉर्मांवर जो रकाना कोरा आहे, तो नव्या पडद्यावर नेण्याआधी तो कोणाला लागतो हे शोधा. कोणालाच लागत नसेल तर सोडून द्या.

मुलाखतीत "सहसा काय करता?" असं विचारलं की नियमातलं उत्तर मिळतं. त्याऐवजी "शेवटची अर्धवट गेलेली ऑर्डर काढा, तिचं पुढे काय झालं ते सांगा" असं विचारा. पाऊण तास पुरे. टिपणं त्याच दिवशी लिहून त्या माणसाला परत वाचायला द्या. फोन घेणारा, गोदामात माल काढणारा आणि बिल करणारा यांच्याशी वेगवेगळं बोला. "ऑर्डर पूर्ण झाली" म्हणजे काय, हे तिघांना विचारून बघा. पहिल्याच्या लेखी ती गोदामात पोचली की पूर्ण, दुसऱ्याच्या लेखी गाडीत चढली की पूर्ण, तिसऱ्याच्या लेखी बिल गेलं की पूर्ण. तिघंही बरोबर आहेत, फक्त ते तीन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतात. एकच "स्थिती" कॉलम ठेवला असता तर इथेच गोंधळ झाला असता.

यानंतर घटनांची यादी. कंपनीला काहीतरी करायला लावणारी प्रत्येक घटना एका ओळीत: ग्राहक ऑर्डर देतो, ग्राहक ऑर्डरमधला काही भाग रद्द करतो, बाकी राहिलेला माल गोदामात येतो, ग्राहक माल परत पाठवतो, महिना संपतो. शेवटची घटना कोणी माणूस घडवत नाही, ती तारखेने घडते. अशा घटना हमखास सुटतात, कारण त्यांच्यासाठी कोणी फोन करत नाही आणि कोणता फॉर्मही भरत नाही. प्रत्येक घटनेपुढे तीन गोष्टी लिहा: ती घडली हे कशावरून कळतं, मग काय करायचं, त्यासाठी कोणती माहिती हाताशी हवी. या उदाहरणात १५ ते २० घटना निघाव्यात. पाचच निघाल्या तर अपवाद अजून कोणी सांगितलेले नाहीत असं समजा.

तिसरी_पातळी

वरची यादी हातात आली की डीएफडी काढणं सोपं जातं, कारण एका घटनेला साधारण एक प्रक्रिया मिळते. मग जवळच्या प्रक्रिया एकत्र करून वरची पातळी बनवायची. वरून खाली फोडत गेलात तर भाग पाडताना कंपनीच्या विभागांची नावं येतात, कामाची येत नाहीत.

वर्तुळं वापरा (डीमार्को यांची पद्धत) किंवा गोल कोपऱ्यांचे चौकोन (गेन आणि सार्सन यांची), फरक पडत नाही. एका दस्तऐवजात दोन्ही मिसळू नका एवढंच. तपासताना या चुका शोधा:

- प्रक्रियेत बाण येतात पण बाहेर एकही जात नाही. माहिती आत जाऊन नाहीशी होते.
- बाण बाहेर जातात पण आत काहीच येत नाही. "बिल तयार करा" मधून बिल निघतं, पण दर कुठून आला?
- आत येणाऱ्या माहितीतून बाहेरची माहिती बनूच शकत नाही. ही चूक सगळ्यांत जास्त सापडते आणि आकृती नुसती बघून दिसत नाही. बाणावरच्या माहितीत कोणकोणते घटक आहेत ते लिहून काढल्यावरच कळतं.
- एका साठवणीतून (माहिती ठेवायची जागा, जसं फाइल किंवा वही) दुसऱ्या साठवणीत थेट बाण. मध्ये काम करणारी प्रक्रिया हवीच. बाहेरच्या घटकापासून साठवणीत थेट बाण असेल तरी तेच.
- वरच्या पातळीवर प्रक्रियेत तीन बाण येतात आणि तिची फोड केल्यावर चार. कुठेतरी एक नवीन बाण शिरला आहे.

बाणावर "माहिती" किंवा "डेटा" असं लिहिलेलं दिसलं की थांबा. नाव सुचत नाही याचा अर्थ तिथून काय जातं ते अजून ठाऊक नाही. प्रक्रियेचं नाव क्रियापदाने संपावं: "उधारी तपासा", "माल राखून ठेवा". "ऑर्डर व्यवस्थापन" हे नाव कशालाही लावता येतं. एका पानावर सातआठपेक्षा जास्त प्रक्रिया नकोत आणि तिसऱ्या पातळीच्या खाली सहसा जायचं कारण पडत नाही. तिथे आकृतीपेक्षा नियम लिहिणं बरं.

कारण डीएफडीत "जर-तर" दाखवता येत नाही, आधी काय आणि नंतर काय हेही दिसत नाही. त्यासाठी निर्णय-तक्ता. तुमच्या त्या ६० आणि ४० चंच घेऊ. माल सोडायचा का, हे तीन गोष्टींवर ठरतं: उधारी मर्यादेत आहे का, साठा पुरेसा आहे का, ग्राहकाला अर्धवट माल चालतो का. तिन्हींची उत्तरं हो किंवा नाही धरली तर २ × २ × २ म्हणजे ८ शक्यता. पण जरा थांबून बघा, साठ्याची उत्तरं दोन नाहीत, तीन आहेत: पूर्ण आहे, थोडा आहे, मुळीच नाही. म्हणजे २ × ३ × २, १२ शक्यता. त्या आवळल्या की पाच नियम उरतात:

१. उधारी मर्यादेबाहेर: ऑर्डर रोखा, मंजुरीला पाठवा. (६ शक्यता)
२. उधारी ठीक, साठा पूर्ण: सगळा माल सोडा. (२)
३. उधारी ठीक, साठा थोडा, अर्धवट चालतो: आहे तेवढा सोडा, उरलेला बाकी धरा. (१)
४. उधारी ठीक, साठा थोडा, अर्धवट चालत नाही: काहीच सोडू नका. (१)
५. उधारी ठीक, साठा शून्य: सगळी ऑर्डर बाकी धरा. (२)

बेरीज १२ भरते, म्हणजे कोणती शक्यता सुटली नाही. ही बेरीज दर वेळी करा.

आता नियम ४ कडे परत या. काहीच सोडायचं नाही, पण गोदामात असलेला थोडा माल या ग्राहकासाठी राखून ठेवायचा की पुढच्याला विकायचा? राखला तर माल अडकून पडतो. नाही राखला तर मोठ्या ऑर्डरवाल्याचा नंबर कधीच लागत नाही, कारण आलेला माल छोटे ग्राहक उचलून नेतात. हे विश्लेषकाने ठरवायचं नाही, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने तर नाहीच. मालकांकडून उत्तर घ्यायचं. असे प्रश्न कामाच्या पहिल्या आठवड्यात वर यावेत म्हणून तर तक्ता मांडायचा.

आणखी एक. बाकी राहिलेले ४० नग तीन आठवड्यांनी आले की ते याच तक्त्यातून पुन्हा जातात का? तेव्हा त्या ग्राहकाची उधारी वाढलेली असू शकते, दरही बदललेला असू शकतो. हे दोन्ही आत्ताच विचारून घ्या.

धावती_फेरी

एवढे कागद करत बसण्याची गरज आहे का? डीएफडी ही १९७० च्या दशकाच्या अखेरीस रूढ झालेली पद्धत. यूएमएल ही सॉफ्टवेअरच्या आकृत्यांची भाषा १९९७ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारली गेली, तिच्यात डीएफडी नाहीच. अजाइल, म्हणजे लहान फेऱ्यांत काम करण्याची पद्धत, तिचा जाहीरनामा २००१ चा. आज छोट्या यूजर स्टोरी (कोणाला काय हवं ते एकदोन वाक्यांत) लिहून दोन आठवड्यांत चालणारा भाग दाखवायचा, त्यावर लोक काय म्हणतात ते ऐकून पुढे जायचं. पडदा समोर आल्याशिवाय माणसांना आपल्याला काय हवं ते सांगता येत नाही, हा माझा मुख्य मुद्दा.

मूळ_नोंद

शेवटचा मुद्दा पूर्ण मान्य. म्हणून पडदे कागदावर रेखाटून पहिल्याच आठवड्यात दाखवा. फोन घेणाऱ्याला त्या कागदावर बोट ठेवून एक ऑर्डर "भरायला" सांगा, तो कुठे अडतो ते बघा. त्याला खर्च काहीच नाही. टप्प्याटप्प्याने करायलाही हरकत नाही. विन्स्टन रॉयस यांनी १९७० च्या निबंधात एकाखाली एक टप्प्यांची ती प्रसिद्ध आकृती काढली, तेव्हाच असं एकदाच सरळ खाली उतरणं धोक्याचं आहे हेही लिहिलं होतं.

पण सगळ्या गोष्टी सारख्याच स्वस्तात बदलता येत नाहीत. पडद्यावरचं बटण अर्ध्या दिवसात हलतं. "एका ऑर्डरचं एकच बिल" असं धरून बांधलेली टेबलं सहा महिन्यांच्या नोंदी भरल्यावर बदलायची तर जुन्या नोंदी, अहवाल, हिशेबाशी जोडलेला भाग, सगळंच उकरावं लागतं. म्हणून फेऱ्या लहान ठेवा, पण माहितीचा आराखडा पहिल्या फेरीआधी शांतपणे मांडा. यूजर स्टोरी लिहिणार असाल तर स्वीकाराचे निकष म्हणून वरच्या तक्त्यातले पाच नियम जसेच्या तसे घाला. दोन्ही पद्धतींचं भांडण तिथे मिटतं.

आता कोरी_वही यांच्या टेबलांकडे. कॉड यांचं रिलेशनल मॉडेल (माहिती टेबलांत मांडण्याची पद्धत) १९७० चं, चेन यांची ईआर पद्धत १९७६ ची, आणि तुमची अडचण त्यांनी घालून दिलेल्या चौकटीत नीट सुटते. प्रत्येक टेबलाला एकच प्रश्न विचारा: यातली एक ओळ म्हणजे जगातली नेमकी कोणती एक गोष्ट?

"ऑर्डर" ची एक ओळ म्हणजे ग्राहकाने एका वेळी केलेली मागणी. तिच्यात पाच वस्तू असतील तर त्या "ऑर्डर-ओळ" या वेगळ्या टेबलात, कारण नग आणि दर वस्तूगणिक बदलतात. माल जातो ती घटना वेगळी, म्हणून "रवानगी" आणि "रवानगी-ओळ" ही टेबलं वेगळी. एका ऑर्डरच्या अनेक रवानग्या होतात. एका गाडीतून त्याच ग्राहकाच्या दोन ऑर्डरींचा मालही जातो. म्हणजे नातं दोन्ही बाजूंनी अनेक. ते ऑर्डर आणि रवानगी यांच्यात जोडू नका, ओळींच्या पातळीवर जोडा: प्रत्येक रवानगी-ओळ एका ऑर्डर-ओळीकडे बोट दाखवते. मग मागितले १००, पहिल्या खेपेला गेले ६०, ग्राहकाने रद्द केले १०, बाकी ३०. यातला कोणताही आकडा खोडायचा नाही. बाकीचा ३० हा आकडा साठवायचाही नाही, तो वजाबाकीने काढायचा. तो वेगळा साठवला की केव्हातरी वजाबाकीशी जुळेनासा होतो, आणि मग खरा कोणता यावर वाद.

दराबाबत बरोबर उलटं करा. दर वस्तूच्या टेबलात आहे म्हणून ऑर्डर-ओळीत पुन्हा नको, असं नॉर्मलायझेशन (एक तथ्य एकाच ठिकाणी ठेवण्याचे नियम) नुकतंच शिकलेले सगळे म्हणतात. पण वस्तूच्या टेबलातला दर हा आजचा दर आहे आणि ऑर्डर-ओळीतला दर त्या दिवशी कबूल केलेला. ही दोन वेगळी तथ्यं आहेत. दुसरं साठवलं नाही तर दरपत्रक बदललं की मागच्या वर्षीची बिलंही नव्या दराने छापून येतील. बिलावरचा ग्राहकाचा पत्ता आणि कराचा दर यांनाही हेच लागू.

साठ्यासाठी नुसता "शिल्लक" कॉलम ठेवू नका. आलेला, गेलेला, परत आलेला, मोडलेला, मोजणीत कमी भरलेला, अशी प्रत्येक हालचाल एक ओळ: तारीख, गोदाम, वस्तू, नग, कारण, कोणी केली. शिल्लक त्यांच्या बेरजेतून. वेगासाठी ती बेरीज साठवलीत तरी चालेल, पण मूळ नोंद हालचालीची. गोदामात ७५ नग आहेत आणि २० आधीच कोणासाठी राखलेले, तर नवीन ग्राहकाला सांगायचा आकडा ५५. "साठा" हा शब्द या तीनही आकड्यांसाठी वापरला जातो, म्हणून शब्दसूचीत तीन नावं ठरवून टाका: हातातला, राखलेला, देता येण्याजोगा.

इथे एक फसगत नेहमी होते. दोन माणसं एकाच वेळी फोनवर आहेत. दोघांनाही ५५ दिसतात, दोघंही ४० कबूल करतात. ८० नगांचं वचन गेलं. प्रत्येकाने वाचलेला आकडा तेव्हा बरोबरच होता. चूक अशी की वाचणं आणि राखणं यांच्यामध्ये फट राहिली. तपासणं आणि राखून ठेवणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे मध्ये दुसरं कोणी शिरणार नाही अशा एका अखंड व्यवहारात, व्हायला हवं, आणि हे वाक्य रचनेच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहायला हवं. एकट्याने चाचणी केली तर हा दोष कधीच दिसत नाही.

बाकी थोडक्यात. ग्राहकाचा फोन नंबर प्रायमरी की (टेबलातली ओळ ओळखण्याची खूण) करू नका, तो बदलतो. पैशांसाठी दशांश प्रकार घ्या, फ्लोट (आकडा अंदाजे साठवणारा प्रकार) नको, त्यात ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. नुसता "तारीख" असा कॉलम कुठेच नको: मागणीची तारीख, कबूल केलेली तारीख, रवानगीची तारीख, अशी पूर्ण नावं हवीत.

कोरी_वही

खूप मदत झाली. रवानगी वेगळी केल्यावर मोडणारं टेबल मोडायचं थांबलं. दोन गोष्टी राहिल्या. उधारीची मर्यादा कोण ठरवतं हे माझ्या टिपणांत कुठेच नाही, असं निर्णय-तक्ता भरताना लक्षात आलं. असं आणखी काय सुटलं असेल ते शोधायचं कसं? आणि "सिस्टीम वेगवान हवी" हे वाक्य गरजांमध्ये लिहायचं कसं?

चौकट_बाण

सुटलेलं शोधायला एक चौकटी तक्ता मांडा. आडव्या ओळींत घटना, उभ्या रकान्यांत माहितीची टेबलं. चौकोनात लिहा: निर्माण, वाचन, बदल, बंद. मग रकान्यांवरून वरून खाली नजर फिरवा. "उधारीची मर्यादा" चं वाचन आहे पण निर्माण कुठेच नाही, म्हणजे ती घटना यादीत नाही: "नवीन ग्राहकाला उधारी मंजूर होते", आणि जोडीला "मर्यादा वाढवली जाते." निर्माण आहे पण वाचन नाही, म्हणजे ती माहिती कोणी वापरत नाही, किंवा एखादा अहवाल विचारायचा राहिला. "बंद" कुठेच नसेल तर विकणं थांबलेल्या भागाचं काय करायचं ते ठरलेलं नाही. अशी नोंद पुसू नका, जुन्या बिलांत तिचं नाव लागतं. ती निष्क्रिय करा.

याच तक्त्यात प्रत्येक चौकोनापुढे "कोण" हेही लिहा. उधारीची मर्यादा बदलणारा आणि रोखलेली ऑर्डर सोडणारा एकच माणूस निघाला तर मालकांच्या कानावर घाला. तिथे नियंत्रण उरत नाही.

केव्हा थांबायचं? २५ फॉर्मांपैकी १५ वापरून आराखडा बांधा. उरलेले १० बाजूला ठेवा, बांधताना उघडूही नका. शेवटी ते एकेक घेऊन कागदावरच्या टेबलांत भरा. दहाही नवीन कॉलम किंवा नवीन नियम न मागता बसले तर पुढे जा. दोनतीन अडले तर जिथे अडले तेवढाच भाग पुन्हा विचारा, सगळं विश्लेषण पुन्हा काढू नका.

"वेगवान" साठी मोजता येईल असं लिहा. दिवसाला १२० ऑर्डर, त्यातल्या ७० सकाळच्या दोन तासांत, एका वेळी पाच जण काम करताहेत, ८,००० भागांत नावाच्या तुकड्यावरून शोध, उत्तर दोन सेकंदांत. हे तपासता येतं. "वापरायला सोपी" चंही तसंच: नवीन माणसाने तासाभराच्या शिकवणीनंतर पाच ओळींची ऑर्डर तीन मिनिटांत, न विचारता भरावी. आकडे तुम्ही ठरवू नका. तुम्ही सुचवा, कमीजास्त मालक करतील.

चाचणीवाला

चाचण्या शेवटी लिहायच्या असतात हा समज सोडा. निर्णय-तक्त्यातला प्रत्येक नियम म्हणजे किमान एक चाचणी, आणि मर्यादेच्या जागी तीन. उधारीची मर्यादा ५०,००० असेल तर ४९,९९९, ५०,००० आणि ५०,००१. मधल्या आकड्याला काय व्हावं हे विचारलं की दोन माणसं दोन उत्तरं देतात. "५०,००० पर्यंत" मध्ये ५०,००० धरायचे की नाही, हा प्रश्न गरजा लिहितानाच मिटला पाहिजे. शिवाय मर्यादेशी तुलना कशाची? थकलेल्या बिलांची, की बिल न झालेल्या पण रवाना झालेल्या मालाचीही? दुसरं धरलं नाही तर बिल उशिरा होण्याच्या फटीतून कितीही माल बाहेर जाऊ शकतो.

यावर अजून कोणी बोललेलं नाही म्हणून लिहितो: जुन्या कामावरून नव्या सिस्टीमवर जायचं कसं हाही रचनेचाच भाग आहे. मार्ग चार आहेत. एका दिवशी सगळं बदलणं, काही दिवस जुनं-नवं समांतर चालवणं, भागाभागाने आणणं, किंवा आधी एकाच गोदामात चालवून बघणं. समांतर चालवणं सुरक्षित वाटतं, पण तीच माणसं तीच ऑर्डर दोनदा भरतात आणि आठवडाभरात एक बाजू ढिली पडते. मग आकडे जुळले नाहीत तर दोष सिस्टीमचा की भरण्याचा, हे कळत नाही. या उदाहरणात एका गोदामापासून सुरुवात मला योग्य वाटते. मात्र दोन गोदामांत माल एकमेकांकडे जात असेल तर त्या हालचाली मधल्या काळात कुठे नोंदवायच्या ते आधी ठरवा, नाहीतर साठा दोन्हीकडे दिसेल किंवा कुठेच दिसणार नाही.

माहिती आणताना ग्राहक आणि वस्तू सोप्या. त्यांची कटकट एकच, एक भाग तीन नावांनी लिहिलेला असतो. ८,००० ओळींची ही सफाई त्या भागांची ओळख असलेल्या माणसालाच करावी लागते, तिला वेळ लागतो, म्हणून ती पहिल्या आठवड्यात सुरू करा. सगळ्यांत अवघड असतात अर्धवट गेलेल्या ऑर्डरी, कारण त्यांची बाकी समासांत आहे. त्या आपोआप आणता येत नाहीत. बदलाच्या दिवशी उघड्या असलेल्या ऑर्डरींची कागदावरून यादी करा, ग्राहकाला अजून माल हवा आहे का ते विचारून घ्या, आणि मागणीचे १०० आणि गेलेले ६० असे दोन्ही आकडे भरा. नुसते बाकीचे ४० नवीन ऑर्डर म्हणून भरले तर ऑर्डरची मूळ तारीख जाते आणि रांगेतला तिचा नंबर मागे पडतो.

साठा एक्सेलमधून उचलू नका. बदलाच्या आदल्या संध्याकाळी मोजणी करा आणि ती सुरुवातीची हालचाल म्हणून नोंदवा. मोजणी चालू असताना माल आत-बाहेर होऊ द्यायचा नाही. आणि मागे फिरायची वेळ कोणती, हे लिहून ठेवा: उदाहरणार्थ, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रवानग्या सुरू झाल्या नाहीत तर कागदी फॉर्मवर परत. हा निर्णय कोण घेणार त्याचं नावही लिहा.

कोरी_वही

शेवटचं एक. मालकांनी तयार पॅकेज घ्यायचं ठरवलं तर यातलं किती वाया जाईल?

मूळ_नोंद

टेबलांची तपशीलवार रचना, इंडेक्स (शोध वेगाने व्हावा म्हणूनच्या सूची), पडद्यांची रेखाटनं, एवढं बाजूला पडेल. हद्द, घटनांची यादी, निर्णय-तक्ता, शब्दसूची आणि ते बाजूला ठेवलेले १० फॉर्म मात्र तेव्हा जास्तच लागतात. विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात त्याची ठरलेली ऑर्डर बघू नका. तुमचे फॉर्म द्या आणि सांगा: १०० ची मागणी भरा, ६० पाठवा, १० रद्द करा, मग दर बदला आणि उरलेले ३० पाठवून बिल दाखवा. जिथे तो "हे करता येईल" म्हणतो पण करून दाखवत नाही, ती जागा तफावतीच्या यादीत लिहा. प्रत्येक तफावतीपुढे तीनच पर्याय असतात: आपलं काम बदलायचं, पॅकेजमध्ये बदल करून घ्यायचा, किंवा तेवढं काम सिस्टीमबाहेर हाताने करायचं. पॅकेजमध्ये केलेला बदल त्याची पुढची आवृत्ती आली की पुन्हा तपासावा आणि कधी कधी पुन्हा करून घ्यावा लागतो, तेव्हा त्याचा खर्च एकदाचा धरू नका.